दहात किती

बाहेर बेचाळीसचं ऊन, आत पडद्याचा राखी उजेड.
लातूरच्या दवाखान्यात, तळमजल्याला, एकोच्या खोलीत
विश्वंभर कातळे, वय अडुसष्ट, डाव्या कुशीवर.
जेली गार लागली म्हणून किंचित शहारलेले.

फॉर्मसाठी पेशा विचारला.
"लिवा, पाणाड्या."
तसा रकाना नव्हता. मी 'इतर'वर खूण केली.

बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवला.
झडपा दिसल्या,
झोपेला आलेल्या कोंबडीच्या पापण्यांसारख्या
उघडमीट, उघडमीट.
ठोका सरळ. ईसीजीच्या पट्टीवरही सरळच होता.
पण वरचा डावा कप्पा फुगलेला,
वर्षानुवर्षं बाजार आणून सैल झालेली पिशवी.
माप घेतलं. पुन्हा घेतलं.
तिसऱ्यांदा घेतलं,
कारण दाराच्या काचेतून त्यांची लेक बघत होती.

"घावलं काय?"
पडद्याकडं पाठ, तरी विचारलं त्यांनी.
"तुमचा हात थांबला, नुजहतबाई.
मी बी आसाच थांबतो,
तळव्यावरचा नारळ उभा राह्यला की."

सांगणं डॉक्टरांचं काम. तरी बोलले थोडं:
आज ठोका नीट आहे. पुढं बिघडू शकतो.
बिघडला, तर ह्या कप्प्यात रक्त साकळतं,
गुठळी सुटते, मेंदूकडं जाते.
"लकवा," ते म्हणाले,
आणि उजव्या हाताची बोटं
एकदा मिटून उघडली.

मग: "तुमचे दहात किती खरे निघतेत?"

माझ्याकडं मिलिलिटर होते.
हा आकडा नव्हता.

"माझे सहा," ते म्हणाले.
"कोरडं निगालं तर शिव्या देत न्हाई कुणी.
बोअरची गाडी निघून जाते, धुरळा बसतो,
अन् घरधनी त्या भोकात एक खडा टाकतो.
ऐकत ऱ्हातो.
म्या तितंच उभा असतो, जाता येत न्हाई."

कापूस दिला. जेली पुसली त्यांनी,
बटणं लावली, एक चुकीच्या काजात.
मी टाईप केलं: लय नियमित. डावी कर्णिका वाढलेली.
पुढच्या ओळीवर कर्सर लुकलुकत राहिला.

दारात चपला शोधताना म्हणाले,
"आजवर पाणी लागावं म्हणून हात धरला बगा.
तुमी दाखवलेली जागा मातर
कोरडी निगू द्या."

लेक त्यांच्या शर्टाचं बटण नीट करत होती.
मी पलंगावरचा कागद फाडला,
पुढचं नाव पुकारलं.