फेस्टस आला तेव्हा

लिमरिक, नोव्हेंबर. विद्यापीठाच्या तळमजल्यावर
देश सोडून गेलेल्यांसाठी एक संध्याकाळ.
नकाशावरून लाल दोरे बॉस्टनला, पर्थला ओढलेले,
प्रोजेक्टर रुसलेला,
कागदी पेल्यांत चहा निवत चाललेला.

अट्राक्टा मोंगन, वय एक्याऐंशी,
कोट न काढताच बोलू लागते:

"फेस्टस निघायच्या आदल्या रात्री
आम्ही सगळे जागलो, मढ्यापाशी जागतात तसे.
मढं मात्र नाचत होतं,
नवे बूट चावतात म्हणून शिव्या घालत होतं.
पहाटे आई वळणापर्यंत गेली,
परत आली, आणि त्याची खुर्ची
भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मग डॉलर आले.
डांबरगोळ्यांच्या वासाचे कोट आले,
आमच्यातल्या कुणालाच न बसणारे."

"ते स्वतः कधीच नाही आले?"
सिलियन विचारतो, रेकॉर्डर पुढे धरून.

"आला ना. सव्वीस वर्षांनी. पंधरा दिवस.
आमच्याकडे कडी उचलतात अन् आत येतात,
टपालवाला, पाद्री, शेजारचं कुत्रंसुद्धा.
त्यानं दार ठोठावलं.
आईनं आतून विचारलं, कोण?
आणि तो बाहेर थांबून राहिला,
आत बोलावण्याची वाट बघत.

त्या दिवशी गेला तो.
सत्तावन्न साली नव्हे."

मागे कुणीतरी खुर्ची सरकवतं.
सिलियन रेकॉर्डर बंद करतो, बटण नीट दाबलं जात नाही.
म्हातारी त्याच्या पायांकडे बघत असते.

"कधीचं विमान?"

त्यानं अजून घरीही सांगितलेलं नाही.
"मंगळवारचं," तो म्हणतो.

"चावतायत ना?"