एक जून, घणसोली गाव

ओल्या फडक्याने फळा पुसते,
कालचा एकतीस मे मागे धूसर राहतोच.
वर लिहिते : दिनविशेष.
खाली, वाचनालयाच्या जाड पुस्तकातून उतरवून :
१९३०, मुंबई-पुणे, दख्खनची राणी सुरू.
१९४८, पुणे-अहमदनगर, पहिली एसटी.
जन्म :
इथे खडू थांबतो.

कारण समोर पारावर आत्ताच
हसुराम मढवींचा मोबाइल वाजला,
मग चाहू म्हात्रेंचा, मग बाळाराम भोईरांचा.
बँकेने एकाच मिनिटाला
तिघांना वाढदिवसाच्या शुभेच्छा धाडल्या.
"तुजा पन आज?"
"माजा पन आजच."
दर वर्षी हाच विनोद, हेच हसू,
फक्त मधले दात गेले.

तेव्हा शाळा नवी होती.
गुरुजी घाटावरचे, खाडीच्या वासाने नाकाला धोतराचा सोगा.
एकेकाला उभं करून म्हणाले,
डोक्यावरून हात ने, पलीकडचा कान धर.
कान हाती लागला तो सहा वर्षांचा.
आणि तारीख?
शाळा उघडते जूनमध्ये, म्हणून एक जून.
दौतीत टाक बुडवून एका बैठकीत
तेवीस पोरं जन्माला घातली त्यांनी,
सुईणीला न बोलावता.

घरी मात्र ज्याची त्याची वेगळी होती.
हसुराम, खांड गेली त्या रातीचा,
बांध फुटून पाणी उंबऱ्याला लागलं नि हा रडला.
चाहू, मिठाची पहिली रास पडली तेव्हाचा.
बाळाराम शिमग्याचा, पण कोणत्या,
यावर दोन मावश्या मरेपर्यंत भांडल्या.
रजिस्टरातला रकाना दीड बोटाचा.

पुढे जमिनी गेल्या, सिडकोच्या कचेरीत
कागदावर कागद, एक जूनखाली एक जून.
साहेबाने चष्मा काढून विचारलं,
गावात त्या दिवशी झालं काय होतं?
चाहू म्हणाले, "गुरुजी आलते."

पाडूबाईंचा फोन वाजत नाही.
त्यांचा हात डोक्यावर गेला
तो कान धरायला नाही, पाटी धरायला.
आधार कार्डावर एक जानेवारी,
ती कॅम्पातल्या पोराने घाईत ठोकलेली.
वाचनालयाच्या पायरीवर टेकतात, म्हणतात,
"आय सांगाची, उधान उतरता उतरता झाली.
कंचं उधान, त्या तिलाबी नाय ठाव."

मी लिहिते.
जन्म :
हसुराम मढवी, खांड गेली ती रात्र.
चाहू म्हात्रे, मिठाची पहिली रास.
बाळाराम भोईर, शिमगा (वाद चालू).
पाडूबाई, उधाण उतरताना.

अध्यक्ष येतात, पेपर काखेत, वाचतात.
"यात थोर कोण?"
मला उत्तर सुचत नाही, मी एसटीची ओळ
उगाच पुन्हा गिरवते.

पारावर एक पेढा तिघांत मोडतोय,
चुरा शर्टावर जास्त.
पाडूबाई गुडघ्यावर हात देऊन उठतात,
फळ्याच्या अगदी जवळ येतात,
वर, खाली, परत वर बघतात.
"यातला माजा कंचा, बोटानं दाव."

मी बोट ठेवते.
उधाणातला उ
बोटाला लागून येतो.