आसाचा आकार

माझ्या पदाचं नाव कार्डावर दोन ओळी खातं.
घरी फोनवर सोपं करून सांगते:
म्युझियममध्ये माणसं आणायची,
आलेल्यांच्या खिशातून थोडे पैसे काढायचे.
आई म्हणते, म्हणजे जत्रेतलं काम.
तसंच काहीसं.

ग्रिम्सबी. ट्रॉलर गेले, वास राहिला.
म्युझियम नगरपालिकेचं, प्रवेश फुकट, छप्पर गळकं.
पाऊस लागला की तीन बादल्या:
एक खारवलेल्या कॉडच्या पिंपापाशी,
एक होकायंत्रांखाली,
तिसरी माझ्या टेबलाशेजारी, आकड्यांच्या इतकी जवळ
की बेरीज करताना टपटप मध्ये येते.

दुकानात सगळ्यात जास्त खपतो रबरी हेरिंग.
पोटावर दाबलं की ओरडतो.
गेल्या वर्षी चार हजार एकशे बारा.
धक्क्यावर खऱ्या हेरिंगची आवक: काही नाही.
हा विनोद मी बोर्डाच्या बैठकीत केला.
टॅस्कर हसले नाहीत.
त्यांचे वडील आइसलंडच्या बाजूला गेलेले,
परत न आलेले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या तक्त्यात माणसांचे गट आहेत:
कुटुंबं, शाळा, हौशी,
आणि पाऊस आला म्हणून शिरलेले.
एव्हरिल बॉरिल कशातच बसत नाही.
मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी येते,
जाळं विणायच्या लाकडी सुईसमोर बसते,
दोन तास चाळीस मिनिटं.
चहा घरचा, थर्मासमधला. खर्च शून्य.
एकटी सरासरी वेळ वर ओढते
आणि सरासरी कमाई खाली.

लीड्सहून आलेला सल्लागार म्हणाला, पाच पौंड तिकीट लावा,
फुकट्यांची गळती आपोआप थांबेल.
गळती म्हणताना तो वर बघत नव्हता.

मग एका मंगळवारी तिनंच मला हाक मारली.
सुई उलटी लावली आहे, म्हणाली. कधीपासून?
अठरा वर्षं, मी फाईल बघून सांगितलं.
आणि हे काय लिहिलंय, ‘मच्छीमारांनी विणलेलं जाळं’?
मच्छीमार समुद्रात होते, बाई.
विणलं आम्ही. मागच्या खोलीत, भिंतीच्या खिळ्याला दोर बांधून,
नगावर पैसे, बोटं चिरलेली,
पोरं जाळ्याखाली झोपलेली.

तिनं हवेत तीन बोटं सरळ धरली.
भोकातून एवढी गेली पाहिजेत. मुकादम घालून बघायचा.
बारीक विणलंस तर पिल्लंही येतात,
वजन दिसतं भरपूर,
आणि पुढच्या साली समुद्र रिकामा.

मी हर्णैची. धक्क्यावर लिलाव ऐकत वाढले.
तिला सांगितलं, आमच्याकडे या भोकाला आस म्हणतात.
आणि वाट बघताना मनात जे असतं, त्यालाही आस.
ती काही बोलली नाही.
थर्मासच्या झाकणात चहा ओतून
माझ्यापुढे सरकवला. फार गोड होता.

गुरुवारी बैठक. तिकिटाची स्लाइड मी काढून टाकली.
प्रवेश फुकटच ठेवू, म्हटलं,
मंगळवारी जाळं विणायचा वर्ग घेऊ, माणशी बारा पौंड,
शिकवणार मिसेस बॉरिल.
(तिनं विचारलं होतं, पैसे नगावर की तासावर?
तासावर म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना.)
टॅस्करनी विचारलं, छपराचे पैसे कुठून?
त्याची स्लाइड माझ्याकडे नव्हती.
हेरिंग पन्नास पेन्सनी महाग करायचं ठरलं.

पहिल्या वर्गाला नऊ जण. अपेक्षा तीसची.
एक पोरगा सुई धरून म्हणाला, हे तर फक्त गाठी आहेत.
हो, एव्हरिल म्हणाली, गाठी आणि मोकळी जागा.
मोकळी जागा जास्त.

सुई आता सुलट आहे, मजकूर बदलला आहे,
बादल्या तीनच्या चार झाल्या.
नियमाप्रमाणे कर्मचारी मोजायचे नाहीत,
म्हणून मंगळवारची प्रेक्षकसंख्या एकानं घटली.
तसं मी अहवालात लिहिलं.
कारणाचा रकाना कोरा ठेवला.