बाकी चार

भुसावळच्या यार्डात रात्री अडीचला
खडी अजून उतरलेल्या तव्यासारखी.
बॅटरी दातांत धरून डबे लिहीत चाललो होतो,
तर हा:
३१०११०११०१३.

इंजिनाकडून वाचला. ब्रेकव्हॅनकडून वाचला.
तोच.

आत सिमेंट की खत, मला काय; सील शाबूत होतं.
मधलं शून्य तळहाताने झाकलं. पत्रा पोळला.
पण उरलेल्या दहांच्या पाच जोड्या लागल्या
आणि अकराने भाग गेला, निःशेष,
फैजपूरच्या शाळेत फेगडे सर सांगायचे तसा:
एकाआड एक मिळवा, मग वजाबाकी.
हात काढला की बाकी चार.

वजन काहीच नाही त्याचं.
नुसतं मध्ये येऊन उभं राहिलं,
तर अर्ध्या रांगेला सरकावं लागलं एकेक घर.

"काय करी ऱ्हायना भो?" सुपडू पॉइंट्समन लांबून ओरडला.
"भागाकार."
"आठे? गाडी सुटनी ना!"

कपलिंगा खणखणत गेल्या, एकीमागून एक,
खंडव्याच्या बाजूला.

वहीत तो नंबर मी
उजवीकडून डावीकडे उतरवला.
कुणालाच कळणार नाही.