नारंगी दिवा

मालकांचा चौथा फोन. टॉवेलचं डिझाईन
अजून चिंचोलीला पोचलेलं नाही.
मोरांची जोडी, काठाला कोयऱ्या, तीनशे ऐंशी एमबी,
आणि पडद्यावरची निळी पट्टी
डबक्यातल्या म्हशीसारखी, हलेल तर शपथ.

आधी सगळे करतात तेच केलं.
राउटर बंद केला, तीस आकडे मोजले, चालू केला.
कॉम्प्युटर बंद केला, चालू केला.
मागून कुठला अपडेट गुपचूप खातोय का ते पाहिलं,
कुणी खात नव्हतं.
वीस मिनिटं सनई ऐकून
कस्टमर केअरच्या बाईला गाठलं.
तीही म्हणाली, बंद करून चालू करा.

मग मोबाईल राउटरच्या तोंडाशी धरला:
एकशे ऐंशी.
खुर्चीत येऊन वायरवरून मोजलं:
नऊ.
म्हणजे नळाला येतंय,
वरच्या टाकीत चढत नाहीये.
एवढं कळायला सोलापुरात इंजिनियर लागत नाही.

वायर बाहेरच्या खोलीतून येते,
उंबऱ्याच्या कडेने, शिलाई मशीनमागून,
आणि नायनांच्या बाजेखालून.
बाज पूर्वी तिथे नव्हती.

पूर्वी परसातल्या शेडमध्ये चार माग होते.
गेल्या दिवाळीआधी भंगारात गेले, किलोवर.
टेम्पोवाला वजनात मारतोय हे दिसत असून
नायना काही बोलले नाहीत.
त्यानंतर त्यांना झोप लागेना.
आवाजच नाही तर झोपायचं कशावर, म्हणाले,
आणि एका रात्री स्वतःच बाज ओढत आणली
माझ्या कीबोर्डजवळ.
मी टाईप करते तोवर घोरतात.
थांबले की विचारतात, काय तुटलं?

टॉर्च घेऊन बाजेखाली शिरले.
लोखंडी पाय बरोबर वायरवर.
सात महिन्यांचं वजन.
वायर तिथे कडक भाकरीसारखी चपटी.

केबल ऑफिसचा श्रीशैल आला,
नव्या वायरचं वेटोळं खांद्यावर.
जुनी काढून टाकू की ओ ताई,
जोड दिली तर स्पीड मार खातंय.

जोड हा शब्द नायनांनी झोपेत ऐकला.
उठून बसले. चष्मा मागितला.
वय काय तुझं?
बावीस.
एक्केचाळीस वर्षं जोडच दिलीय मी, बिड्डा.
सरक.

आठ तारा निघाल्या, दोन-दोनचा पीळ:
नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी,
प्रत्येकीला एक पांढऱ्या पट्ट्यांची बहीण.
नायनांनी पीळ बोटांत चाचपला.
चांगला घातलाय, कुणी?
मशीन घालतंय ओ आजोबा.
त्यावर त्यांनी फक्त अंगठा जिभेला लावला.

रंगाला रंग. दातांनी सोललेलं तांबं,
एक मुरड, चिकटपट्टी. पुढची.
बाहेर चव्वेचाळीस अंश,
आत पंखा तीच हवा फिरवतोय.
नाकावरचा घाम आठव्या तारेवर पडला,
तो त्यांनी सदऱ्याच्या टोकाने टिपला.
श्रीशैल दोनदा काहीतरी सांगायला गेला,
दोन्ही वेळा मी त्याच्या हातात चहा दिला.

दिवा लागला. नारंगी.
हिरवा हवा असतो.
मोजलं: चौऱ्याण्णव.
पैसे मी दोनशेचे भरते.

किती?
नऊ होतं नायना, चौऱ्याण्णव झालं.
त्यांचे ओठ हलले, हिशेब झाला.
दहापट, म्हणाले. वर चार.

श्रीशैलने माझ्याकडे पाहिलं.
मी त्याचे पैसे दिले,
वेटोळं खिळ्याला अडकवलं.
वायर हातभर पलीकडे सरकवली.
बाज नाही.

पट्टी हलली. मोर निघाले,
काठाच्या कोयऱ्या सगळ्यात शेवटी.
गेलं?
गेलं.
मग थांबलीस का, डोळे मिटून नायना.

काम संपलं होतं.
मी मालकांना मेल लिहायला घेतला,
गरजेपेक्षा बराच लांब.