कंदील आधी सोडायचा

सन्मती रात्री साडेदहाला फोन करते.
तिकडं तेव्हा नऊ.
डॉक्टरकीचं तिसरं वर्ष, तिबिलिसी.
घरमालकिणीचं नाव नाना.
पहिल्या वर्षी आम्ही त्यावर पोट धरून हसलो,
आता मी रोज विचारतो, नाना जेवल्या का?

आज तिनं खिडकीतून रस्ता दाखवला.
माणसं, झेंडे, तोंडातून निघणारी वाफ.
"पप्पा, हा अख्खा देश एका दारापाशी उभा आहे.
मोठ्या देशांच्या फौजांची युती आहे, तिचं दार.
उघडं आहे म्हणतात, कित्येक वर्षं.
आत या, असं म्हणत नाहीत."

मी तोलार. सांगलीच्या यार्डात हळद तोलतो,
एकतीस वर्षं. मला फौजांमधलं काय कळणार?
पण दारात ताटकळणं कळतं.

परदेशी खरेदीदार येणार होते त्या साली
यार्डाच्या भिंतींना चुना लागला,
काटे नवे आले, हिशेबाचे तक्ते टांगले गेले,
रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा तो सौदा
उघड्यावर झाला, मोठ्यानं, नाव घेऊन.
तासगावच्या एका म्हाताऱ्याला पहिल्यांदाच
आपल्या हळदीचा भाव कानानं ऐकू आला.
खोटं कशाला बोलू, चांगलं झालं ते.
पाहुणे चहा पिऊन गेले. करार पुढच्या साली.
पुढच्या साली, त्याच्या पुढच्या.
तक्ते धुळीनं पिवळे झाले
आणि एका सकाळी शेजारच्या काट्यावर
मला अंगठा दिसला.
मी बघितलं,
आणि माझ्या पोत्याला टाके घालत राहिलो.

नानांकडं पण म्हणे अशीच यादी आली होती.
सेनापतीनं संसदेला जबाब द्यायचा,
संरक्षणाचं खातं बिनवर्दीच्या माणसाकडं,
तोफांचा खर्च छापून लोकांना दाखवायचा.
त्यांचा मुलगा सैन्यात. घरी आला की म्हणायचा,
आई, आता साहेबाला 'का' विचारता येतं.

"आणि आता?"
"आता खुर्चीतला सांगतो, शेजारी दात विचकून बसलाय,
ही काय वेळ आहे उलट बोलायची?
त्याच्या आधीचा सांगायचा, दारात नेईन तर मीच,
तोवर गप्प बसा.
कारणं दोन, पप्पा. गप्प बसा एकच."

मी म्हटलं, पण धोका खरा आहे ना?
"खरा आहे. नानांचं गाव तारेपलीकडं गेलंय.
त्यांना ते दार हवंच आहे.
मतपेटीपण हवी आहे.
एकासाठी दुसरं गहाण कशाला, एवढंच त्या विचारतात."

हरिपुरात आमची पेवं होती, मातीच्या पोटात.
पुरानं बसली.
आजा पेव उघडलं की कुणाला लगेच उतरू द्यायचा नाही.
कोंडलेली हवा माणूस मारते, आवाज न करता.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
जळत राहिला तर उतरायचं.
व्यापारी वर घड्याळ बघत उभा असे,
गाडी जुंपलेली, आभाळ भरलेलं,
आजा दोरी धरून खाली वाकलेला.

हे तिला सांगावं म्हणून तोंड उघडलं,
तर तीच म्हणाली,
"तुमची बाजार समितीची निवडणूक झाली?"
झाली.
"मत कुणाला दिलंत?"

हमाल-तोलारांची एकच जागा.
मोठी कंपनी यार्डाबाहेर खरेदी उघडणार आहे,
अशात आपसात फूट नको,
म्हणून चौघांनी बसून नाव ठरवलं.
बिनविरोध. गुलाल पडला, पेढे वाटले.
मीपण खाल्ला.

तिकडं रस्त्यावर कुणीतरी भोंगा वाजवला.
नाना मागून काहीतरी म्हणाल्या, बरंच लांब.
सन्मतीनं ते मराठीत सांगितलं नाही.