खोगीर

पहाटे साडेचारला गोळी घेतली, अर्धीच;
पूर्ण घेतली तर झाडावर डुलकी लागते.
डॉक्टर म्हणाला होता, गादी सरकलीये, वर्लिन,
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली.
मी म्हटलं, राजांचीसुद्धा सरकते.
तो हसला नाही.

आता ओकला बिलगून वीस फुटांवर लोंबतोय.
खोगीर म्हणतात या पट्ट्याला,
पण घोडा कुठाय? मीच.
दोर खोडाला, ढुंगण पट्ट्यात, गुडघे सालीला टेकलेले.
आणि नवल हे, की स्वयंपाकघरातल्या खुर्चीत
दहा मिनिटं न टिकणारी कंबर
इथं तासभर गप्प आहे.

विस्कॉन्सिनचा नोव्हेंबर. नाकातलं पाणी गोठतं.
खाली कोरड्या पानांत पावलं:
आठ टोकांच्या शिंगांचा नर,
मागचा डावा पाय उचलून धरलेला,
थांबत, टेकत, पुन्हा थांबत.
ती चाल मी ओळखतो.
सकाळी संडासापर्यंत मी तसाच जातो.

धनुष्य अर्धं ताणलं.
कमरेतून चमक गेली, की अजून काही,
ठाऊक नाही.
दोरी हळूच सैल सोडली.

डोरला विचारेल, दिसलं का काही?
सांगेन, वारा उलटा होता.
पण ते नंतर. आधी
खाली उतरायचं कसं.